निफाडची थंडी आणि जडावलेली लिफ्ट

ट्रॅक्टरच्या पोटाखाली निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं होतं. हौसिंगला, म्हणजे गियर आणि तेल पोटात घेतलेल्या मागच्या बिडाच्या पेटीला, हात लावून पाहिला. खालून कोमट लागलं, बाजूने मात्र हात टेकवत नव्हता इतकं गार. नाना उकिडवे बसून निखारे फुलवत होते आणि त्यांचा मुलगा कानाला मफलर गुंडाळून सीटवर बसला होता. सकाळचे पावणेसात, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मोबाइलवर सहा अंश दिसत होते आणि कादवा नदीच्या बाजूने धुकं अजून हललं नव्हतं.

"घमेलं ठेवलं की अर्ध्या तासात लिफ्ट बरी चालते, मिस्तरी," नाना म्हणाले. लिफ्ट म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा. "नाही ठेवलं तर नऊ वाजेपर्यंत रोटाव्हेटर उचलायला नको वाटतं. वळणावर पोरगं नुसतं वाट बघत बसतं."

मी आधी घमेलं बाहेर ओढलं. हौसिंगच्या एकाच जागी अशी आच लागली की तळाचं तेल तिथेच करपतं, सीलचं रबर जळतं, आणि शेजारून गेलेल्या डिझेलच्या नळीतून एक थेंब गळला तरी सगळा ट्रॅक्टर पेटू शकतो. नानांनी ऐकलं. पण त्यांच्या वाक्यात अर्धं निदान होतं. शेक दिला की सुधारणारा आजार कोणता, हे शोधायचं होतं.

आमच्या तालुक्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. निफाडच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला असतो. पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, कुणी ठिबक चालू ठेवतं, कारण गारठ्याने पक्व मणी तडकतात. ही काळजी सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या पोटातल्या तेलाला थंडी वाजते, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर बिघडतो तो उन्हाळ्यात, तापून, असंच डोक्यात बसलेलं आहे.

आधी काय काय झालं होतं

ट्रॅक्टर पंचेचाळीस अश्वशक्तीचा, सहा वर्षांचा, ब्रेक तेलात बुडालेले. पंप गियरचा, इंजिनाच्या बाजूला बसवलेला. तो मागच्या हौसिंगमधलं तेल जाळीतून गाळून लांब सक्शन पाइपातून, म्हणजे ओढीच्या नळीतून, ओढतो. गियरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल, साधारण चाळीस लिटर. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मागे सहा फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, होतं. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती, त्यामुळे रान रोज तयार करायचं होतं आणि मजूर सांगून ठेवलेले होते.

त्रास सुरू झाला डिसेंबरच्या मध्यात. नानांनी दुसऱ्या एका फिटरला बोलावलं होतं. त्याने लिफ्टचं वरचं कव्हर उघडलं, सिलिंडरातल्या पिस्टनची सील बदलली, कव्हर बसवलं, पैसे घेतले. दुसऱ्या सकाळी लिफ्ट तशीच. मग त्याने सांगितलं, पंप गेला, नवा टाका. पंपाचे नऊ हजार आणि वर मजुरी. नाना पंप आणायला निघाले होते. त्याआधी एकदा बघून जा, म्हणून मला फोन केला.

मी विचारलं, "दिवाळीपासून आजपर्यंत ट्रॅक्टरला काय काय केलं?"

"काहीच नाही."

हे उत्तर प्रत्येक जण देतो, खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ज्या कामानंतर लगेच त्रास झाला नाही, ते काम माणसाच्या लक्षातून जातं. म्हणून मी वेगळं विचारलं. ट्रॅक्टर कुठे उभा करता? ट्रॉली कुणाची जोडली होती? ब्रेक कसे आहेत?

ब्रेकचं विचारताच मुलगा बोलला, "ब्रेक दाबला की मागून घर्रर्र आवाज येतो. सावकाश असताना जास्त."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

हे मी पाटीवर लिहून ठेवलं. लिफ्ट मंद आणि ब्रेकला आवाज, ही दोन वेगळी दुखणी म्हणून आजवर कुणी एकत्र पाहिली नव्हती. पण या ट्रॅक्टरमध्ये दोन्ही ठिकाणी तेल एकच.

घड्याळ लावून बघितलं

"मंद" हा शब्द निदानाला पुरत नाही. इंजिन पंधराशे आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर, ठेवलं, रोटाव्हेटर जोडलेलाच होता. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तळापासून वरपर्यंत उचलायला सांगितलं. पंधरा सेकंद. पंपाच्या बाजूने बारीक, टोचणारी शिट्टी येत होती आणि तिच्या आत वाळू दळल्यासारखी खरखर.

मग रोटाव्हेटर खाली सोडायला सांगितला. नऊ सेकंद.

इथे मी थांबलो. लिफ्ट खाली येते तेव्हा पंपाचं काही काम नसतं. लिव्हर खाली केला की झडप उघडते आणि अवजाराच्या वजनानेच सिलिंडरातलं तेल परत हौसिंगमध्ये ढकललं जातं. पंप पार झिजलेला असला, अगदी काढून बाजूला ठेवला, तरी वर उचललेलं अवजार आपल्या वेगाने खाली येणारच. मग नऊ सेकंद का? सीटखालचा खाली येण्याचा वेग ठरवणारा नॉब आवळलेला नाही ना, हे आधी पाहिलं. तो पूर्ण उघडा होता. म्हणजे वाट मोकळी आहे आणि चारशे किलोचं वजन वरून दाबतंय, तरी तेल बाहेर पडायला तयार नाही. पंपाच्या आधी तेलावर संशय घ्यायचा, तो याच कारणाने.

उचलण्याचा हिशेबही तोंडी होण्यासारखा आहे. या मापाच्या लिफ्टच्या सिलिंडरात पूर्ण उचलायला साधारण एक लिटर तेल लागतं. तीन सेकंदांत लिफ्ट वर आली तर पंप मिनिटाला वीस लिटर देतोय. पंधरा सेकंद लागले तर फक्त चार. सोळा लिटर कुठे गेले? झिजलेल्या पंपातून आतल्या आत परत गेले, की पंपाच्या तोंडापर्यंत पोचलेच नाहीत?

मागे ट्रॉलीच्या जॅकची तेलाची नळी जोडायचे कपलर होते, तिथे दाबाचं घड्याळ लावलं. काटा हळू चढला, पण एकशे पंच्याऐंशी बारवर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. मॅन्युअलमध्ये याच आसपासचा आकडा आहे. दाब पूर्ण, प्रवाह कमी.

मुलाला म्हटलं, जा, नेहमीसारखं रान काढ, मी इथेच आहे. साडेदहाला ट्रॅक्टर परत आला. त्याच आरपीएमवर वर यायला साडेतीन सेकंद, खाली यायला अडीच. शिट्टी जवळजवळ नाही. दाब तेवढाच.

झिजलेला पंप याच्या बरोबर उलट वागतो. सकाळी गार, घट्ट तेलाने दातांच्या आणि बाजूच्या प्लेटांच्या फटी भरून निघतात, म्हणून सकाळी तो बरा उचलतो. दुपारी तेल पातळ झालं की फटींतून मागे गळतं, लिफ्ट मंदावते, दाब घसरतो. दुपारी रडणारी लिफ्ट म्हणजे बहुतेक वेळा पंप किंवा आतली गळती, आणि सकाळी रडून दुपारी हसणारी लिफ्ट म्हणजे तेल आणि तेलाची वाट. नानांना म्हटलं, पंप आणू नका.

"मग पिस्टनचं सील?"

सील गेलं असतं तर उचललेला रोटाव्हेटर इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसला असता. तो तासाभरात बोटभरही उतरला नव्हता. शिवाय मुलाने सांगितलं की ट्रॉली उलटवतानाही सकाळी जॅक असाच रांगतो. ट्रॉलीचा जॅक वेगळा, त्याचं सील वेगळं, आणि तरी दुखणं तेच. दोन वेगळ्या सिलिंडरांत एकच लक्षण दिसलं की सिलिंडर सोडून द्यायचे आणि दोघांमध्ये सामाईक काय आहे ते धरायचं. सामाईक होतं तेल, जाळी, सक्शन पाइप आणि पंप.

दोन बाटल्या

डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळलं. पातळी बरोबर होती, रंग ताकासारखा पांढरट नव्हता. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ होतं आणि ठेवून दिलं तरी दुधाळच राहतं. हवा मिसळलेलं तेल फेसाळ दिसतं आणि थोड्या वेळात फेस बसतो. इथे सकाळी बारीक फेस होता, साडेदहाला नव्हता. खात्रीसाठी नानींकडून जुना तवा मागितला आणि तापवून त्यावर काडीने दोन थेंब सोडले. पाणी असतं तर तडतडलं असतं. तेल नुसतं धुरावलं. पण त्या धुराचा वास ओळखीचा होता, उग्र, गंधकासारखा. गियर ऑइलचा.

"नाना, दिवाळीत तेल बदललं होतं का?"

"ते होय! बदललं ना. सर्व्हिसची वेळ झालीच होती. चांगलं नव्वद नंबरचं टाकलं, दोन मोठे डबे."

नव्वद नंबर का, तर नानांच्या आधीच्या ट्रॅक्टरला मागे नव्वदच लागायचं. त्या जुन्या मांडणीत गियरबॉक्सचं तेल वेगळं आणि हायड्रॉलिकचं वेगळं होतं. तिथे नव्वद बरोबरच होतं. या ट्रॅक्टरमध्ये दोन्ही एक आहेत आणि ब्रेकही त्यात बुडालेले आहेत. याला यूटीटीओ लागतं, म्हणजे बाजारात वेट ब्रेक ऑइल म्हणून मिळतं ते. गियर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्ही सांभाळायचे म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. गियर ऑइलमध्ये दातांना दाबाखाली वाचवणारे पदार्थ असतात, पण तेलातल्या ब्रेकच्या डिस्कला हवं ते घर्षण त्यात जुळवलेलं नसतं. डिस्क धरते, सुटते, परत धरते. घर्रर्र आवाज तोच.

त्रास दिवाळीत सुरू झाला नाही, महिन्याभराने झाला. म्हणूनच कुणी दोन्हीचा संबंध जोडला नाही. याचं कारण तेलाच्या स्वभावात आहे. नव्वद नंबरचं तेल चाळीस अंशांना यूटीटीओच्या साधारण तिप्पट घट्ट असतं. सेंटीस्टोक या घट्टपणाच्या मापात सांगायचं तर नव्वद नंबरचं एकशे नव्वदच्या आसपास आणि यूटीटीओ साठच्या आसपास. गारवा वाढला की दोन्ही घट्ट होतात, पण नव्वद जास्त वेगाने. सहा अंशांवर यूटीटीओ चारशेच्या घरात असतं आणि नव्वद दोन हजारांच्या पुढे. तिपटीची जवळजवळ सहापट होते. नोव्हेंबरच्या ऊबदार सकाळी पंपाने कसंबसं निभावलं, डिसेंबरच्या गारठ्यात त्याचा दम तुटला.

आणखी एक गोंधळ इथेच सांगून टाकतो, कारण दर हिवाळ्यात तो माझ्यापुढे येतो. इंजिन ऑइलचे नंबर आणि गियर ऑइलचे नंबर यांची फूटपट्टी वेगळी आहे. गियरचं नव्वद शंभर अंशांना १३.५ ते १८.५ सेंटीस्टोकमध्ये बसतं. इंजिनाच्या पट्टीवर ते चाळीस-पन्नास नंबरच्या जवळ येतं. म्हणजे नव्वद हे इंजिनच्या तीस नंबरच्या तिप्पट घट्ट, असं काही नसतं, आणि नुसता डब्यावरचा आकडा पाहून दोन जातींची तुलना करता येत नाही. डब्यावर नंबराच्या आधी तेलाची जात वाचायची.

नानांना हे आकडे सांगून पटेना. माणसाने स्वतःच्या पैशाने आणलेलं, जास्त दाट, म्हणजे जास्त चांगलं वाटणारं तेल असतं ते. म्हणून पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या, दोन्हींच्या झाकणाला एकाच खिळ्याने भोक पाडलं. एकीत ट्रॅक्टरमधलं तेल, दुसरीत माझ्याकडचं नवं यूटीटीओ, दोन्ही अर्धा अर्धा लिटर. हवा आत जावी म्हणून बुडाला छोटं छिद्र पाडलं, त्यावर चिकटपट्टी. दोन्ही बाटल्या रात्रभर ओसरीबाहेर ट्रॅक्टरशेजारी ठेवायला सांगितल्या.

दुसऱ्या सकाळी नाना माझ्या आधी उठून बाटल्यांपाशी उभे होते. पट्ट्या काढल्या आणि दोन्ही बाटल्या एकदम उलट्या धरल्या. यूटीटीओची धार बारीक पण सलग पडली, बाटली चाळीस सेकंदांत रिकामी झाली. नव्वदची धार काकवीसारखी लोंबली, मध्येच तुटून ठिपके पडायला लागले. सव्वातीन मिनिटं. मधे नानांनी एकदा बाटली दाबून पाहिली आणि मग गप्प उभे राहिले.

पंप तेल ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर पंप तोंडाशी फक्त जागा रिकामी करतो आणि बाहेरची हवा तेलाला त्या जागेत ढकलते. हवेकडे ढकलायला जास्तीत जास्त एक बारचा जोर आहे, आणि गियर पंपाच्या तोंडाशी त्यातला ०.२ ते ०.३ बारपेक्षा जास्त खर्च होऊ द्यायचा नसतो. काकवी एवढ्या जोरावर लांब पाइपातून वेळेत येत नाही. पंपाचे दात अर्धे रिकामे फिरतात, तेलात पोकळ बुडबुडे होतात, आणि दाबाच्या बाजूला जाऊन ते फुटतात. वाळू दळल्याचा आवाज तो. हा आवाज महिनाभर चालू राहिला तर पंपाच्या प्लेटांना खड्डे पडतात, आणि मग खरंच पंप बदलावा लागतो. घमेल्याच्या शेकावर हिवाळा काढला असता, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिटरचं म्हणणं खरं झालं असतं.

"डिझेल टाकून पातळ केलं तर?" मुलाने विचारलं. आमच्याकडे काही जण करतात हे. डिझेलाने तेल पातळ होतं हे खरं, पण त्या तेलाची दातांवर टिकायची ताकद जाते आणि रबर फुगतं. चाळीस लिटर वाचवायला गियरबॉक्स पणाला लावायचा नाही.

पोटात काय निघालं

तेल दुपारी काढलं, ट्रॅक्टर कामावरून तापून आल्यावर. गार नव्वद ड्रेनमधून काढायला बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती, आणि ती घट्ट मळी तळाशीच चिकटून राहिली असती. पहिल्या धारेबरोबर चमचाभर पाणी आलं, तळाला साचलेलं. ट्रॅक्टर धुताना प्रेशरच्या पाण्याची नळी सीटखालच्या ब्रीदरवर, म्हणजे हौसिंगला हवा आत-बाहेर करू देणाऱ्या झाकणावर, मारली जाते, त्यातलं असावं. ब्रीदर काढला, तो मातीने जवळजवळ बुजला होता. डिझेलमध्ये धुऊन, वाळवून परत लावला.

मग सक्शनची जाळी. ती बाहेर आली तेव्हा तिघेही वाकून बघत होतो. निम्म्या जाळीवर राखाडी मेणासारखा थर, त्यात कॉटन वेस्टचे, म्हणजे पुसायला वापरतात त्या सुताच्या गुंत्याचे, धागे गुंतलेले, आणि वर निळ्या सिलिकॉन पेस्टच्या शेवया. हो, शेवयाच. कव्हर बसवताना पेस्ट जाड लावली की बोल्ट आवळल्यावर ती बाहेर येते तशीच आतही जाते. आतली कुणाला दिसत नाही, ती सुटते आणि जाळीवर येऊन बसते. डिसेंबरात लिफ्ट उघडली तेव्हाचं हे काम. तेच तेल उघड्या टपात काढून परत ओतलं, तेव्हा वेस्टचे धागेही आत गेले असणार. मंद लिफ्ट दुरुस्त करायला म्हणून ती उघडली आणि तिची वाट आणखी अरुंद झाली. कव्हरच्या जोडाला पातळ पुसट थर पुरतो. आत पुसायला धागे सुटणारं वेस्ट कधीच वापरायचं नाही, साधं धुतलेलं सुती फडकं वापरायचं.

जाळी बदलली, फिल्टर बदलला, हौसिंगचा तळ पुसून घेतला. नवं यूटीटीओ भरलं, नानांचे बारा हजारांच्या वर गेले. नानांना काढलेलं तेल रोटाव्हेटरच्या गियरपेटीत वापरायचं होतं, कारण तिथे नव्वद चालतं. विचार चुकीचा नव्हता, पण त्यात आता ब्रेकच्या डिस्कचा भुगा आणि धागे होते. मी नको म्हटलं. बांधावरही ओतू दिलं नाही, डब्यांत भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे पाठवलं.

आणि इथे माझी एक चूक झाली. सक्शन पाइपाच्या जोडातली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट बसवणारी रबराची कडी, काढली तेव्हा ती मला आवडली नव्हती. त्या मापाची नवी माझ्याकडे नव्हती, कांद्याची घाई होती, म्हणून पुसून तीच परत बसवली.

दुसरी सकाळ

पाच अंश होते त्या दिवशी. रोटाव्हेटर खाली यायला तीन सेकंद. तेलाचं काम झालं होतं, वाद नाही. वर यायला सात सेकंद. पंधराचे सात झाले म्हणून नाना खूश होते, मी नव्हतो. पंपाची शिट्टी अजून होती. वाळूची खरखर गेली होती, पण शिट्टी राहिली होती, आणि डिपस्टिकवर फेस होता.

खाली येणं ठीक, वर जाणं अडखळतं, तेलात फेस. म्हणजे आता तेल दोषी नाही, कुठून तरी हवा आत येते आहे. सक्शनच्या बाजूला आत ओढ असते, म्हणून तिथली फट बाहेर तेल गळवत नाही, आत हवा घेते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि माणूस फसतो.

इंजिन चालू ठेवून जोडांवर एकेक करून बोटाने ग्रीस भरायला सुरुवात केली. पंपाजवळच्या क्लिपला काही फरक नाही. हौसिंगजवळच्या फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या बोल्टच्या जोडाला, ग्रीसचा गोळा दाबून गोल फिरवला, आणि शिट्टी दोन-तीन सेकंदांत खाली बसली, जणू कुणी नळ बंद केला. मुलाला म्हटलं, उचल. चार सेकंद.

इंजिन बंद करून जोड सोडला. ओ-रिंग बाहेरच्या अंगाने चपटी झालेली, नखाने दाबली तर दबेना, वाकवली तर बारीक चिरा दिसल्या. रबर जुनं झालं की कडक होतं आणि गारठ्यात आणखी आखडतं, मग फट सोडतं. तापलं की फुगून परत बसतं. म्हणून हिचाही त्रास सकाळीच दिसत होता आणि तेलाच्या त्रासामागे लपला होता. निफाडच्या बाजारातून पन्नास रुपयांत रिंग मिळाली. आदल्या दिवशी बसवली असती तर नानांची एक सकाळ वाचली असती.

सकाळची रीत

त्या दिवशी मुलाजवळ बसून त्याची सकाळ पाहिली. स्टार्टर मारला, लगेच थ्रॉटल पूर्ण, पाणी-तापमानाचं घड्याळ हिरव्यात आलं की लिव्हर वर. त्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर तापला होता. पण ते घड्याळ इंजिनाच्या पाण्याचं आहे. मागचं हौसिंग म्हणजे जाड बिडाचा डोंगर आणि चाळीस लिटर तेल. इंजिन दहा मिनिटांत तापतं, मागचं तेल तेव्हाही जवळजवळ रात्रीइतकंच गार असतं. मागे हात लावून बघायला सांगितलं, तेव्हा त्याला कळलं.

गेल्या वर्षीपर्यंत ट्रॅक्टर गावात घराजवळ उभा असायचा. शेत तीन किलोमीटर. तेवढ्या चालीत गियर फिरून तेल आपोआप ढवळलं जायचं, कोमट व्हायचं. यंदा मळ्यात शेड झाली आणि ट्रॅक्टर तिथेच राहायला लागला. उभ्या जागेवरून थेट रोटाव्हेटर. हाही एक धागा होता, मी तो उशिरा विचारला.

आता तो इंजिन हजार-बाराशेवर दहा मिनिटं ठेवतो, मग ट्रॅक्टर मळ्याच्या रस्त्याने एक फेरी मारून आणतो, मग रोटाव्हेटर कमी आरपीएमवर चार-पाच वेळा खालीवर करतो. लिव्हर शेवटच्या टोकाला दाबून धरून तेल तापवायची एक पद्धत काही ड्रायव्हरांत आहे. त्याने जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून तेल किंचाळत जातं आणि खरंच लवकर तापतं, पण पूर्ण दाबाखाली उपाशी पंप फिरवण्यासारखं दुसरं वाईट काही नाही. ते मी त्याला करू दिलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत गेलो. सकाळी सव्वासात, सहा अंश, पंधराशे आरपीएम. वर यायला चार सेकंद, खाली यायला अडीच. ब्रेकचा आवाज लगेच गेला नव्हता. डिस्कच्या पोटात आणि दोन्ही बाजूंच्या ॲक्सलमध्ये जुनं तेल थोडं राहतंच, ते नव्यात मिसळून पातळ व्हायला दिवस लागतात. मुलगा म्हणाला, गेल्या तीन-चार दिवसांत ऐकू आला नाही.

पन्नास तास भरल्यावर जाळी पुन्हा उघडली. धुळीसारखा हलका थर होता, तो झटकला. कडेला निळ्या पेस्टच्या दोन शेवया अडकलेल्या होत्या, त्या चिमट्याने काढून नानांच्या हातावर ठेवल्या आणि जाळी परत बसवली, नव्या रिंगेसकट.